तिसरी चिठ्ठी

कोशाच्या कार्यालयात तिला सगळे चिठ्ठीताई म्हणायचे. तिचं काम एका वाक्यात सांगता यायचं आणि तीच तिची पंचाईत होती. पुस्तकं वाचायची, एखादा शब्द कुणी कसा वापरलाय ते वाक्य तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचं, वर शब्द, खाली पुस्तकाचं नाव आणि पान, कोपऱ्यात सही. झालं काम. तेविसाव्या वर्षी सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर ती आली तेव्हा कोश ‘अ’मध्ये होता. आता ती चौपन्न वर्षांची होती आणि कोश ‘च’मध्ये. नोकरी संपेपर्यंत फार तर ‘ज’ लागला असता. ‘निवृत्ती’ हा शब्द छापलेला बघायला तिला आणखी एक जन्म घ्यावा लागणार होता.

पूर्वी तिला बघायला माणसं यायची, तेव्हा मुलगी काय करते असा प्रश्न निघायचा. दादा सांगायचा, शब्द लिहिते. एका स्थळाने अगदी आपुलकीने विचारलं होतं, “मग झाले किती?” तिने खरा आकडा सांगितला. ते लोक पुन्हा आले नाहीत. पुढे पुढे ती दिवाणखान्यात यायलाच नको म्हणायला लागली आणि मग कुणी यायचंही थांबलं. राहिली ती दादा, वहिनी आणि आई यांच्यात, मागच्या खोलीत, आईच्या लोखंडी खाटेला लागून असलेल्या दुसऱ्या खाटेवर.

आणि घरात, शेजारात, जिन्यात, दवाखान्याच्या बाकावर, जो भेटेल तो तिला एकच म्हणायचा. बसून काम, डोक्यावर पंखा, ना कुणाची कटकट. चैन आहे बाबा तुझी. वहिनी तर हे रोज सकाळी डबा तिच्या हातात देताना म्हणायची, इतक्या सवयीने, की एखाद्या दिवशी म्हणाली नाही तर डबाच विसरल्यासारखं वाटावं. चिठ्ठीताई यावर कधी काही बोलली नाही. मान वाकडी करून करून तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर गेला होता, ते तिने कुणाला दाखवलं नाही. पण एकतीस वर्षं एकच शब्द रोज अंगावर भिरकावला गेला, की माणूस त्या शब्दाची वाट बघत बसतो. तशी ती बसली होती. क, ख, ग, घ संपायची वाट बघत.

तो शब्द या महिन्यात तिच्या टेबलावर आला होता. चैन.

एकशे बेचाळीस चिठ्ठ्या. तिने त्यांचे ढीग लावले. बापाच्या जिवावर केलेली चैन, पोराने शहरात जाऊन केलेली चैन, चैनीच्या वस्तू, चैनीला पैसा, चार दिवसांची चैन. एकशे चाळीस चिठ्ठ्या या एकाच ढिगात गेल्या. उरलेल्या दोन मात्र वेगळ्या होत्या. एका जुन्या प्रवासवर्णनात कुणीतरी ओझं खाली ठेवून झाडाच्या बुंध्याला टेकतो आणि ‘घटकाभर चैन वाटली’ असं लिहितो. दुसरी एका सुईणीच्या आठवणींतली: बाळ आणि बाळंतीण दोघं झोपली, तेव्हा मला चैन पडली. दोन्हींत खर्चाचा पत्ता नाही. नुसतं टेकणं. नुसता जीव जागेवर येणं.

चिठ्ठीताईचं म्हणणं असं, की हाच अर्थ आधीचा. शेजारच्या भाषेत आजही चैन म्हणजे स्वस्थता. आपणही म्हणतोच की, चैन पडत नाही. म्हणतो, बेचैन. तिथे कुठे उधळपट्टी आहे? म्हणजे शब्द आला तो विसावा घेऊन. मग कधीतरी विसावा घेणारा माणूस इतरांच्या डोळ्यांत खुपायला लागला असेल आणि टेकलेल्या माणसाला लोक उधळ्या म्हणायला लागले असतील. तिला कोशात क्रमांक एकवर स्वस्थता हवी होती आणि विलास, उधळपट्टी, मौज हे सगळं त्याच्याखाली.

हे तिने संपादकांना सांगितलं. संपादकांना कार्यालयात पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की चर्चा संपायची. तोंडावर अर्थातच सर. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, शब्द मुळात कुठून आला हे एक पंडित एक सांगतो, दुसरा दुसरं, आणि पुरावा दोघंही देत नाहीत. उगमाच्या रकान्यात मी प्रश्नचिन्ह टाकलं आहे आणि ते तसंच राहील. ‘चैन पडत नाही’ हा वाक्प्रचार शेवटी वाक्प्रचारांत जाईल. नकारातून होकार सिद्ध होत नाही.

“पण सर, होकाराच्या दोन चिठ्ठ्या आहेत.”

“नियम तीनचा आहे, ताई. तुम्हीच नव्या लोकांना शिकवता.”

खरं होतं. एका अर्थाला तीन छापील पुरावे, नाहीतर अर्थ बाद. हा नियम ती इतक्या जणांना इतक्यांदा शिकवून चुकली होती, की त्यावर तिला धड चिडताही येईना. पुढच्या शुक्रवारी ‘चै’ बंद होऊन छापखान्यात जाणार होता. हातात आठ दिवस होते.

त्यातले मंगळवारपर्यंतचे दिवस तिने ग्रंथालयाच्या तळघरात काढले. कादंबऱ्या झाल्या, पत्रं झाली, आत्मचरित्रं झाली. पुस्तकांत टेकणारी माणसं खंडीभर होती, पण टेकल्यावर ती ‘हुश्श’ म्हणत, ‘बरं वाटलं’ म्हणत, एक जण तर ‘अहाहा’ म्हणाला. चैन म्हणायला एकही तयार नव्हता. धुळीने नाक गळायला लागलं. बोटांना काळी किनार आली. आणि सगळ्यात जास्त डोकं फिरत होतं ते यामुळे, की तिसरं वाक्य तिला तोंडपाठ होतं.

आईचं वाक्य. आई मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. अठ्ठावीस वर्षं. दिवसाला दोनशे चादरी, उभ्याने. घरी येऊन स्वयंपाक, धुणी, पोरांची आजारपणं. मग केव्हातरी ती फरशीवर पाठ टेकायची, उशीसुद्धा न घेता, आणि छताकडे बघत म्हणायची, “दिवसभराचं उरकून पाठ टेकली, की ती दहा मिनिटं माझी चैन.” आई एवढं बोलायची आणि डोळे मिटायची. चिठ्ठीताईने हे हजार वेळा ऐकलं असेल. पण आई काही छापील नव्हती.

मंगळवारी दुपारी चिठ्ठीताईने जे केलं, ते त्या कार्यालयात चोरीपेक्षा वाईट समजलं जायचं. तिने एक कोरी चिठ्ठी घेतली. वर लिहिलं, चैन. खाली आईचं वाक्य, शब्दाला शब्द. आणि त्याखाली एका जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या स्त्रियांच्या मासिकाचं नाव: वर्ष सातवं, अंक नववा, पान एकेचाळीस. अंक तिने विचार करून निवडला होता. तळघराच्या फळीवर सातव्या वर्षाचे अंक ओळीने होते, फक्त नववा नव्हता. हरवलेला अंक. जो अंक नाही तो कोण उघडून बघणार? कोपऱ्यातली सही तिने नेहमीसारखीच केली, याचंच तिला नंतर जास्त वाईट वाटलं.

सरांनी चिठ्ठी वाचली. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली. म्हणाले, बघा, त्या काळातल्या बायका काय साधं आणि नेमकं लिहीत होत्या. आता असं लिहिणारं कुणी राहिलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने अर्थ क्रमांक एक लिहिला. चिठ्ठीताईला हसू आवरेना आणि रडूही येईना. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी आईचं कौतुक केलं होतं आणि ते घरी जाऊन आईला सांगण्याची सोय नव्हती.

बुधवारी सकाळी भिंगराव तिच्या टेबलाशी आले. पडताळणीचं काम त्यांचं. कोशात जाणारी प्रत्येक चिठ्ठी मूळ पुस्तकाशी ताडून बघायची आणि मागे सही करायची. खिशात कायम भिंग, म्हणून भिंगराव. बावीस वर्षं दोघं एकाच खिडकीशी डबा खात होते. भिंगरावांनी खुर्ची ओढली आणि ती चिठ्ठी उताणी तिच्यासमोर ठेवली.

“हा अंक सापडत नाही.”

ती म्हणाली, हरवला असेल.

“हरवायला निघावा लागतो.” भिंगरावांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “त्या वर्षी कागद मिळत नव्हता. आठवा आणि नववा एकत्र निघाले. आठव्याच्या मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत लिहिलंय. जोडअंक. नववा असा नाहीच, ताई.”

फळीवर नववा नाही, हे तिने पाहिलं होतं. आठवा हातात घेऊन त्याचं मुखपृष्ठ वाचलं नव्हतं. एकतीस वर्षं ती नव्या लोकांना बजावत आली, की जे दिसत नाही ते नसतंच असं नाही. आणि स्वतः मात्र उलटीकडून आपटली. भिंगरावांना सगळं कळलं होतं. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी चिठ्ठी बोटाने सरळ केली. मग म्हणाले, वाक्य कुणाचं? ती म्हणाली, आईचं. ते म्हणाले, वाटलंच. छापायला देणारं माणूस असं बोलत नाही.

कार्यालयात चिठ्ठी फाडायची नाही, असा दंडक होता. बाद चिठ्ठीवर लाल रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची, मग ती बादच्या खणात. चिठ्ठीताईने लाल पेन घेतलं. कारणाच्या जागी ‘अंक उपलब्ध नाही’ असं लिहिता आलं असतं. तिने लिहिलं, ‘खोटी’. भिंगरावांनी वाचलं आणि खाली सही केली. सर तेव्हा छापखान्यात गेले होते, एवढाच काय तो दिलासा.

मग भिंगराव म्हणाले, “बोलीचा पुरावा घेऊ.”

बोलीच्या पुराव्याचा नियम कोशाच्या पहिल्या घटनेत होता आणि त्या दोघांशिवाय तो कुणाला आठवतही नसेल. शब्द पुस्तकात सापडला नाही तर बोलणाऱ्याच्या तोंडून घ्यायचा. दोन कर्मचाऱ्यांनी समोर बसून ऐकायचा. मात्र वदवून घ्यायचा नाही. अर्जाच्या तळाशी छापलेलंच होतं: प्रश्न विचारून वदवला का? होय / नाही. होय असेल तर पुरावा बाद. असा एकही अर्ज अजून कुणी भरला नव्हता. भिंगरावांनी कपाटाच्या तळातून पिवळा पडलेला गठ्ठा काढला, वरचा अर्ज फुंकरला आणि घडी करून खिशात घातला.

गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून दोघं तिच्या घरी गेले.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. खाटेवर खिडकीकडे तोंड करून पडलेली, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मुलीने सांगितलं, हे आमच्या कार्यालयातले, सहज भेटायला आले. आईने भिंगरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, “या कॉलरला इस्त्री कुणी केली?”

भिंगराव म्हणाले, मीच.

“दिसतंय.”

दोघं स्टुलांवर बसले. मांडीवर वह्या. आई सुरू झाली आणि मग थांबेचना. कॉलर आधी उलट्या बाजूने दाबायची, टोकाकडून मध्याकडे. धुलाईखान्यातली मुकादमीण कशी चादर हातात न घेता नुसत्या वासाने सांगायची की नीट खंगाळली नाही. वाफेची नळी एकदा कशी फुटली आणि सगळ्या जणी अंगणात पळाल्या तेव्हा हीच एकटी कशी आत राहिली, कारण इस्त्री चादरीवर तशीच टेकलेली होती. सव्वा तास गेला. आई जगातलं सगळं बोलली. भिंगरावांची वही कोरी.

मध्येच वहिनी चहा घेऊन आली. दोन शिकलेली माणसं भरदुपारी म्हातारीच्या समोर पेन सरसावून बसलेली बघून ती दारातच थबकली.

“कामाच्या वेळात गप्पा, वन्सं? तुमच्या कचेरीची चैन आहे बाई.”

दोन्ही पेनं उचलली गेली आणि दोन्ही खाली आली. तसल्या एकशे चाळीस होत्या. चिठ्ठीताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं, या बाईने वर्षाला तीनशे वेळा हा शब्द वापरावा आणि जिने आयुष्यभर तो खऱ्या अर्थाने वापरला तिला नेमका आजच आठवू नये. तिने चहा ओठाला न लावता खाली ठेवला.

तासाभराने आई दमली. तिची कूस बदलायची वेळ झाली होती. चिठ्ठीताईने एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि सावकाश तिला दुसऱ्या अंगावर घेतलं. पाठीशी उशी लावली. पांघरूण सारखं केलं. आईने मोठा सुस्कारा सोडला. डोळे मिटले. ओठ हलले. भिंगराव स्टुलावरून पुढे झुकले, चिठ्ठीताईने पेन उचललं.

“हं,” आई म्हणाली. “बरं झालं.”

खिडकीबाहेर कुणीतरी मोटार सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. भिंगरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण चिठ्ठीताईने पाहिलं. उद्या शुक्रवार. तिच्या तोंडून निघालं ते तिने ठरवून विचारलंच नव्हतं.

“आई, तू कामावरून आलीस की फरशीवर पडायचीस. तेव्हा काय म्हणायचीस गं?”

आईने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. “काय म्हणणार? दिवसभराचं उरकून पाठ टेकली, की ती दहा मिनिटं माझी चैन.”

शब्दाला शब्द. एक मात्रा इकडची तिकडे नाही.

मग भिंगरावांनी खिशातून अर्ज काढला, गुडघ्यावर सरळ केला आणि लिहायला लागले. बोलणाऱ्याचं वय, चौऱ्याऐंशी. व्यवसाय, धुलाई. वाक्य. पहिली सही त्यांनी केली. तळाशी होय आणि नाही यांच्यावर त्यांचं पेन जरा वेळ तरंगलं आणि मग त्यांनी ते मिटून टाकलं.

“मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “तुम्ही उजवीकडे बसला होता. मला उत्तर ऐकू आलं. प्रश्नाचं मी सांगू शकत नाही.”

बावीस वर्षांत भिंगरावांनी एक काना चुकलेला चालवून घेतला नव्हता. या माणसाने तिच्यासाठी स्वतःचा कान देऊ केला होता. चिठ्ठीताईने अर्ज हातात घेतला. ‘नाही’ला एक खूण केली की झालं असतं. उद्या सरांनी क्रमांक एक कायम ठेवला असता, कोश छापला असता, आई त्यात राहिली असती, जोवर कोश राहील तोवर. आणि वाक्य तर खरंच होतं. या वेळी काहीच खोटं नव्हतं, तिने केलेला तो एक प्रश्न सोडला तर.

“एकाच आठवड्यात दोनदा नको, भिंगराव,” ती म्हणाली आणि ‘होय’ला खूण केली.

तिच्या सहीने कागद जवळजवळ फाटलाच. भिंगराव उठले, आईला नमस्कार केला. आईने त्यांना कॉलर उलट्या बाजूने दाबायची पुन्हा आठवण करून दिली. ते गेल्यावर आईने विचारलं, हा माणूस आला कशाला होता? चिठ्ठीताईला राग आला, आईचा, नियमाचा, स्वतःच्या जिभेचा. दोन तास. दोन तास ही बाई मुकादमिणीवर बोलली.

“तू हे आपण होऊन का नाही बोललीस?” ती शेवटी म्हणाली.

“आता कुठे पाठ टेकायला मिळते?” आई म्हणाली. “आता पाठ टेकलेलीच असते.”

हे वाक्यही कुठे लिहून घेण्यासारखं नव्हतं. तिने गार चहा उचलला आणि मोरीत ओतला.

शुक्रवारी सकाळी सरांनी अर्थ क्रमांक एकवर काट मारली. बादच्या खणातली चिठ्ठी त्यांनी पाहिली होती, ‘खोटी’ हा शब्दही आणि त्याखालच्या दोन सह्याही. चिठ्ठीताई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोलणी खायची तयारी करून राहिली. सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग एवढंच म्हणाले, की मंगळवारी मी त्या वाक्याला जे म्हणालो ते मागे घेत नाही. आणि पुढचा कागद ओढला. शिक्षा म्हणावी तर ती नव्हती, माफी म्हणावी तर तीही नव्हती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर भांडलं तरी असतं. तिला भांडायला टोकच सापडेना.

तिने एकच मागणी केली. त्या दोन चिठ्ठ्या, प्रवासी आणि सुईण, बादच्या खणात नकोत. प्रलंबितच्या पेटीत ठेवू द्या. दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडतील.

“दुसरी आवृत्ती,” सर म्हणाले, “आपल्या दोघांच्या हयातीत नाही.”

“माहीत आहे.”

सरांनी मान हलवली. ती टेबलाशी आली. दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, वर जाड कागदाचा तुकडा लावला आणि त्यावर लिहिलं: ‘चैन, स्वस्थता. एक चिठ्ठी कमी.’ मग सुतळी घेऊन गाठ मारली, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. पुढे कधीतरी ज्याला ही पेटी उघडावी लागेल त्याची नखं दुखावीत, त्याने बांधणाऱ्याला दोन शिव्या हासडाव्यात, इतकी घट्ट.

छापखान्याचा माणूस गठ्ठे न्यायला दारात उभा होता. तिने एकशे चाळीस चिठ्ठ्यांचा ढीग त्याच्या हातात दिला आणि पुढच्या शब्दाची पेटी ओढली.